दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक: इराणचं प्रॉक्सी जाळं काय आहे आणि ते तोडतात कसं

नोव्हेंबर २०२३ मधला तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लाल समुद्रात एक भलंमोठं मालवाहू जहाज चाललंय, त्याच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरतं, त्यातून बंदूकधारी उड्या मारतात आणि थोड्याच वेळात जहाज त्यांच्या ताब्यात. गॅलेक्सी लीडर नावाचं ते जहाज आणि त्यावरचे २५ खलाशी येमेनच्या किनाऱ्याला नेले गेले आणि त्या खलाशांची सुटका झाली थेट जानेवारी २०२५ मध्ये. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसं वर्षाच्या वर अडकून पडली.

जहाज पकडलं हुथींनी, म्हणजे येमेनमधल्या एका सशस्त्र गटाने. पण नंतरच्या प्रत्येक बातमीत हुथींच्या नावामागे एक शेपूट असायचंच, 'इराण समर्थित'. आणि इराणचं म्हणणं कायम एकच, की हे लोक स्वतःचे निर्णय स्वतः घेतात, आम्ही फक्त त्यांच्या बाजूने आहोत. मग हल्ला केला कोणी? उत्तर कोणाला द्यायचं? आणि हे थांबवायचं तर हात कुठे घालायचा? मला स्वतःला हे नीट कळायला बराच वेळ लागला, म्हणून जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

प्रॉक्सी म्हणजे काय

कॉलेजमध्ये प्रॉक्सी लावलेली किंवा लावताना पाहिलेली असेलच. नाव एकाचं पुकारलं जातं आणि 'येस सर' दुसराच म्हणतो. देशांच्या प्रॉक्सीत तसंच असतं फक्त उलटं, म्हणजे फायदा एका देशाचा होतो पण हजेरी दुसऱ्याची लागते. पैसा, शस्त्रं, ट्रेनिंग देणारा देश मागे राहतो आणि लढणारा गट तिसऱ्याच देशात पुढे असतो. मराठीत यासाठी आधीपासून नेमका शब्द आहे, नामानिराळं राहणं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की गोळी सुटते पण धक्का त्याच्या खांद्याला बसतो.

एक जुनं उदाहरण. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेले ट्रक अमेरिकी आणि फ्रेंच सैनिकांच्या तळांवर घुसले. २४१ अमेरिकी आणि ५८ फ्रेंच सैनिक गेले. जबाबदारी घेतली 'इस्लामिक जिहाद' नावाच्या गटाने, जो नक्की कोणाचा हेच कोणाला धड माहीत नव्हतं. अमेरिका आजही यासाठी हिजबुल्ला (लेबनॉनमधली शिया सशस्त्र संघटना) आणि इराणला जबाबदार धरते आणि दोघंही ते नाकारतात. एवढी माणसं गेली तरी प्रत्युत्तर कोणाला द्यायचं यावर वॉशिंग्टनमध्येच एकमत झालं नाही आणि काही महिन्यांत अमेरिकी सैन्य लेबनॉनमधून निघून गेलं. म्हणजे ज्याला ते तिथून जायला हवे होते त्याचं काम झालं, आणि त्याचं नाव कागदावर कुठेच नाही.

इराणला याची गरजच का पडली

१९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, शहा म्हणजे तिथला राजा गेला, धर्मगुरू खोमेनी आले. जुन्या लष्करावर नव्या सत्तेचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी वेगळं दल उभं केलं, रिव्होल्युशनरी गार्ड. पुढच्याच वर्षी सद्दाम हुसेनच्या इराकने हल्ला केला आणि ते युद्ध तब्बल आठ वर्षं, १९८८ पर्यंत चाललं. इराणी शहरांवर मिसाइल पडत होती, इराककडे पैसा आणि शस्त्रं सगळीकडून येत होती, आणि इराणचं हवाईदल शहाच्या काळातल्या अमेरिकी विमानांवर उभं, ज्यांचे स्पेअर पार्ट मिळायची मारामार. जवळच्या अरब देशांत धड बाजूने उभा राहिला तो एक सीरिया.

त्या अनुभवातून इराणच्या सत्ताधाऱ्यांनी जो धडा घेतला तो असा की पुढची लढाई आपल्या अंगणात होऊ द्यायची नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात लढायची, आणि मोठं हवाईदल परवडत नाही तर शत्रूच्या दारात आपली माणसं बसवायची. १९८२ मध्ये इस्राएलने लेबनॉनवर चढाई केली तेव्हा गार्डचे शेकडो लोक सीरियामार्गे लेबनॉनच्या बेका खोऱ्यात पोचले आणि तिथल्या शिया तरुणांना त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यातून हिजबुल्ला उभी राहिली. पुढे परदेशातल्या अशा कामासाठी गार्डची वेगळी शाखाच झाली, कुद्स फोर्स. कासिम सुलेमानी याच शाखेचे प्रमुख होते.

हे समजून घेणं म्हणजे समर्थन करणं नाही. पण समोरचा हे का करतो ते माहीत नसेल तर तोडगा शंभर टक्के चुकतो.

पैसा, शस्त्रं आणि बांगड्या

पैसा आणि शस्त्रं इराणकडून येतात याबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही कारण हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला यांनी २०१६ मध्ये जाहीर भाषणातच सांगितलं होतं की आमचं बजेट, पगार, मिसाइल सगळं इराणमधून येतं आणि ज्या वाटेने रॉकेट येतात त्याच वाटेने पैसाही येतो, तेव्हा बँकांवरच्या निर्बंधांनी आमचं काही बिघडत नाही. अमेरिकेच्या ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये हा आकडा वर्षाला ७० कोटी डॉलरच्या वर सांगितला होता.

पण बहुतेक बातम्या इथेच थांबतात आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे.

लेबनॉनमध्ये 'अल-कर्द अल-हसन' नावाची संस्था आहे, हिजबुल्लाशी जोडलेली. बाई घरातल्या सोन्याच्या बांगड्या घेऊन काउंटरवर जाते, सोनं वजन करून ठेवलं जातं आणि तिला बिनव्याजी कर्ज मिळतं. मुलाची फी, दवाखाना, लग्न, काहीही. हप्ते फिटले की बांगड्या परत. सोनं तारण ठेवणं आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे त्या काउंटरवर तिला काय वाटत असेल हे वेगळं समजावायची गरज नाही. आता त्यात हे घाला, की २०१९ मध्ये लेबनॉनच्या बँका कोसळल्या, लोकांना आयुष्यभराची बचत काढता येईना, लोक बँकांबाहेर रडत उभे, आणि त्याच काळात ही संस्था मात्र चालू होती. अमेरिकेने तिच्यावर २००७ पासूनच निर्बंध टाकलेत, लेबनॉनच्या मध्यवर्ती बँकेने जुलै २०२५ मध्ये इतर बँकांना तिच्याशी व्यवहार करायला बंदी घातली. ठीक आहे. पण त्या बाईने जायचं कुठे?

दुसरं उदाहरण २००६ चं. इस्राएल आणि हिजबुल्लाचं ३४ दिवसांचं युद्ध संपलं आणि काही दिवसांतच हिजबुल्लाची माणसं घर पडलेल्या कुटुंबांना रोख १२,००० डॉलरपर्यंत रक्कम वाटत होती, वर्षभराचं भाडं आणि सामान घ्यायला. सरकारी मदतीच्या फाइली तेव्हा हलायच्या होत्या. ज्या युद्धात ते घर पडलं ते सुरू होण्यात हिजबुल्लाचा हात होता (सीमेवर इस्राएली सैनिक पळवले तिथून ठिणगी पडली) पण ज्याचं छप्पर गेलंय त्याला आधी छप्पर दिसतं, आणि यात त्या माणसाला दोष देता येत नाही.

म्हणजे या जाळ्याचे दोर तेहरानमध्ये असले तरी खुंटा स्थानिक जमिनीत ठोकलेला असतो, आणि जमीन नेमकी तिथेच मऊ असते जिथे सरकार पोचलेलं नसतं.

सगळे इराणचे बाहुले आहेत का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. हुथी घ्या. ही चळवळ येमेनच्या उत्तरेत सादा भागात १९९० च्या दशकात उभी राहिली. ते झैदी पंथाचे, म्हणजे शियाच पण इराणमधल्या पंथापेक्षा वेगळे. आपल्या भागाकडे दुर्लक्ष होतंय, भ्रष्टाचार आहे या त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि २००४ ते २०१० मध्ये येमेनच्या सरकारशी त्यांच्या लढाया झाल्या. २०१४ मध्ये त्यांनी राजधानी साना घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली बॉम्बहल्ले सुरू झाले आणि जसजसं युद्ध लांबलं तसतशी त्यांना इराणची गरज वाढत गेली.

इराक तर अजून गुंतागुंतीचं. २०१४ मध्ये आयसिसने मोसुल घेतलं, लष्कर पळालं, आणि इराकमधले सगळ्यात मोठे शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी लोकांना शस्त्र उचलायचं आवाहन केलं. हजारो तरुण धावले, आपलं गाव वाचवायला. त्यातून हश्द अल-शाबी ही अनेक गटांची फौज झाली ज्यातले काही गट आधीपासूनच इराणचे, काही अजिबात नाहीत. २०१६ मध्ये इराकच्या संसदेने कायदा करून सगळ्यांनाच सरकारी दल केलं. आता २ लाखांहून जास्त माणसांचा पगार इराकच्या तेलाच्या पैशातून निघतो आणि त्यातल्या काही गटांचा कौल मात्र तेहरानकडे. प्रॉक्सी चालवायचा खर्चच दुसऱ्याच्या तिजोरीतून!

मग कायद्याने का पकडत नाहीत? आणि अमेरिकेनेही हेच केलं ना?

हे दोन प्रश्न मी एकत्र घेतो कारण उत्तर एकाच खटल्यात आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना पैसा, शस्त्रं, ट्रेनिंग दिलं. निकाराग्वा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि जून १९८६ मध्ये निकाल लागला की अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. अमेरिकेने तो मानला नाही. तर हो, अमेरिकेने हे केलंय, अफगाणिस्तानातही केलंय, आणि जो ते नाकारतो त्याने इराणला शहाणपण शिकवू नये.

पण त्याच निकालात दुसरा अर्धा भाग आहे जो फार कोणी सांगत नाही. कोर्ट म्हणालं की मदत देणं बेकायदा आहेच, पण काँट्रांनी केलेला प्रत्येक अत्याचार अमेरिकेच्या नावावर टाकायचा असेल तर त्या विशिष्ट कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं हे सिद्ध करावं लागेल. नुसता पैसा आणि शस्त्रं दिली एवढं पुरत नाही. आता विचार करा, फोनवर 'आज हे जहाज पकडा' असं कोण सांगतं? मालक फक्त बंदूक देतो आणि दिशा दाखवतो, बाकी समोरच्याला कळतं. प्रॉक्सीचा सगळा खेळ या फटीत बसतो आणि ही फट इराणने पाडलेली नाही, मोठ्या देशांनी ती आपल्या सोयीसाठी उघडी ठेवली. दुसऱ्याने केलं म्हणून येमेनमधल्या किंवा लेबनॉनमधल्या माणसाचं दुःख कमी होत नाही एवढंच माझं म्हणणं.

नेता मारला की संपतं का?

फेब्रुवारी १९९२ मध्ये इस्राएलने हिजबुल्लाचे प्रमुख अब्बास मुसावी यांना मारलं. त्यांच्या जागी ३१ वर्षांचे नसरल्ला आले, ३२ वर्षं राहिले आणि संघटना कितीतरी पट मोठी केली. हे उदाहरण पुरेसं बोलकं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२० मध्ये बगदाद विमानतळावर अमेरिकेने सुलेमानींना मारलं, आणि ते असे होते की प्रत्येक गटाच्या प्रमुखाशी त्यांची वैयक्तिक ओळख, भांडण लागलं की हेच मिटवणार. त्यांच्यानंतर इराकमधल्या गटांना एकत्र धरून ठेवणं कठीण झालं हे खरं. म्हणजे जाळं एका माणसाच्या ओळखीवर उभं असेल तर फरक पडतो. पण ढिलं झालेलं जाळं कधीकधी जास्त बेभरवशाचं होतं कारण आवरणारंही कोणी उरत नाही.

२०२४ मध्ये हिजबुल्लाला जो फटका बसला तो एका मृत्यूचा नव्हता. १७ सप्टेंबरला इस्राएलच्या कारवाईत त्यांच्या लोकांचे पेजर फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकी-टॉकी, २७ तारखेला इस्राएली हल्ल्यात नसरल्ला गेले, आणि मग ८ डिसेंबरला सीरियात असद सरकार पडलं. माझ्या मते यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. तेहरान, बगदाद, दमास्कस, बैरूत हा जो शस्त्रं नेण्याचा जमिनीवरचा रस्ता होता त्यातला मधला तुकडाच निघून गेला. आणि तो बाहेरच्या कोणाच्या बॉम्बने निघाला नाही, सीरियातल्याच बंडखोरांनी तो काढला.

शस्त्रं आणि पैसा अडवणं कितपत जमतं?

जमतं, पण हे रोजचं काम आहे. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ रात्री अमेरिकी नौदलाचे सील कमांडो एका लाकडी गलबतावर चढत होते. समुद्र खवळलेला, एक जण पाण्यात पडला, दुसऱ्याने त्याला वाचवायला उडी मारली आणि दोघंही गेले. गलबतात इराणी बनावटीच्या मिसाइलचे भाग निघाले. अशी गलबतं मासेमारीची असतात, हजारो फिरतात, त्यातलं नेमकं कोणतं ते ओळखायचं कसं हा प्रश्न. शिवाय आता पूर्ण मिसाइल कमी पाठवतात, सुटे भाग आणि ते जोडायचं ज्ञान पाठवतात, आणि ज्ञान कुठल्याच बंदरावर अडवता येत नाही.

खर्चाचं गणितही उलटं आहे. हुथींचा ड्रोन काही हजार डॉलरचा आणि तो पाडायला सोडलेलं नौदलाचं एक मिसाइल साधारण २० लाख डॉलरचं. तोवर जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त आणि तेवढं इंधन. हे सगळं करायला इराणला एकही युद्धनौका पाठवावी लागली नाही.

जुलै २०२५ मध्ये मात्र एकदम मोठं घबाड सापडलं, हुथींकडे निघालेली ७५० टनांहून जास्त इराणी शस्त्रं, क्रूझ मिसाइलसकट. आणि ती पकडली येमेनच्याच सरकारच्या बाजूने लढणाऱ्या दलाने. समुद्र त्यांचा, बोटी ओळखीच्या, भाषा तीच.

पैशाबद्दल थोडक्यात. निर्बंध, बनावट कंपन्या शोधून त्या ब्लॅकलिस्ट करणं, तेलाच्या टँकरचा माग काढणं हे सगळं उपयोगी आहे, पण आंधळेपणाने केलं तर मार भलत्यालाच बसतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने हुथींना दहशतवादी संघटना ठरवलं आणि मदत संस्थांनी लगेच सांगितलं की येमेनमध्ये धान्यच पोचणार नाही, कारण व्यापारी आणि बँका घाबरून व्यवहारच बंद करतील. पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०२५ मध्ये तो पुन्हा लागू झाला. उपाशी माणसाचं अन्न तोडून हुथी कमजोर होत नाहीत, उलट ज्याच्या हातात उरलेलं धान्य आहे तोच त्या गावाचा राजा होतो.

लेबनॉनचं लष्कर सरळ बंदुका काढून का घेत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. १५ वर्षांचं यादवी युद्ध संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारात सगळ्या सशस्त्र टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलं होतं. बाकीच्यांनी ठेवली, हिजबुल्लाने 'इस्राएलशी लढा चालू आहे' म्हणून ठेवली नाहीत. मे २००८ मध्ये सरकारने नुसतं त्यांचं खाजगी टेलिफोन नेटवर्क बंद करायचं ठरवलं तर हिजबुल्लाच्या माणसांनी पश्चिम बैरूत ताब्यात घेतलं, डझनावारी लोक मेले आणि सरकारला निर्णय फिरवावा लागला. लष्करात सगळ्या पंथांची पोरं आहेत, त्यांना एकमेकांवर बंदुका रोखायला लावल्या तर लष्करच फुटेल ही भीती पोकळ नाही. त्यात २०१९ नंतर सैनिकाच्या पगाराची किंमत इतकी घसरली की घर चालवायला लोक जोडधंदा करत होते.

तरीही बदल होतो, आणि तो आतून होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये इराकमध्ये तरुण रस्त्यावर आले, घोषणा होती 'नुरीद वतन', आम्हाला आमचा देश हवा. यातले बहुतेक शियाच होते, म्हणजे ज्यांच्या रक्षणाच्या नावाने हे गट उभे त्यांचीच मुलं. नोव्हेंबरमध्ये नजफसारख्या पवित्र शहरात इराणचं वकिलात कार्यालय जाळलं गेलं. आंदोलनात शेकडो तरुण गोळ्यांनी मारले गेले, हे विसरता कामा नये. आणि २०२१ च्या निवडणुकीत इराणच्या जवळच्या फतह आघाडीच्या जागा ४८ वरून १७ वर आल्या. ड्रोन नाही, बॉम्ब नाही, मतपेटी. त्या गटांच्या बंदुका तरी तिथेच राहिल्या आणि पुढे वाटाघाटी करून ते सत्तेतही परतले, पण 'आम्हीच जनता' हे त्यांना आधीसारखं म्हणता आलं नाही.

लेबनॉनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख जोसेफ औन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ५ ऑगस्टला मंत्रिमंडळाने शस्त्रं फक्त सरकारच्या हातात असतील यासाठी लष्कराला योजना करायला सांगितली. दोन दिवसांनी पुढच्या बैठकीतून शिया मंत्री उठून गेले. पण असं ठरवायला २००८ मध्ये जी हिंमत मोडली गेली होती ती परत गोळा झाली हे मला मोठं वाटतं.

आता सगळं दक्षिण लेबनॉनमधल्या, इस्राएलशी झालेल्या युद्धात पडलेल्या गावांवर येऊन थांबतं. जागतिक बँकेने मार्च २०२५ मध्ये हिशोब केला की देश पुन्हा उभा करायला साधारण १,१०० कोटी डॉलर लागतील. जूनमध्ये त्यांनी मंजूर केले २५ कोटी. २००६ मध्ये त्याच गावांत रोख रक्कम घेऊन कोण आधी पोचलं होतं ते तिथे प्रत्येकाच्या लक्षात आहे, आणि या वेळी दारात आधी कोण येतं ते ही माणसं बघत बसली आहेत.